चेहऱ्यावर डोंगर

एका राजाच्या गालावर दुसऱ्या राजाचा डोंगर बसला आहे. नाणे चांदीचे, आपल्या जुन्या पंचवीस पैशांहून लहान, वजनाला दोन-सव्वादोन ग्रॅम. वरवर पाहिले तर तीन कमानी दिसतात, दोन खाली आणि एक वर, पायथ्याशी नागमोडी रेघ. भोवती ब्राह्मीत मजकूर: ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. नाणे भिंगाखाली घेऊन उजेडात थोडे तिरके केले की कमानींच्या आडून एक नाक वर येते. मग ओठ, हनुवटी, मानेची रेघ. काठाशी दोन-चार अक्षरे उरलेली असतात, ती ब्राह्मीतली नव्हेत. मागच्या बाजूला फुलीच्या चार टोकांवर चार वर्तुळे, म्हणजे नाणकशास्त्रात ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात ते. आणि त्या वर्तुळांच्या फटीतून डोकावणारे बाणाचे टोक.

खालचा राजा शक क्षत्रपांच्या क्षहरात घराण्यातला नहपान, वरचा सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला अशा नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातली सुमारे १३,२५० नाणी तपासली. ९,२७०हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा नव्याने मारलेला होता, बाकीच्यांवर नहपान शाबूत. शाळेच्या इतिहासात हा साठा एका वाक्यात उरकतो: गौतमीपुत्राने नहपानाला हरवले, पुरावा जोगलटेंभी. ते खरेच आहे. मला मात्र त्या गाडलेल्या तोंडाचे कुतूहल जास्त. नाण्यावर राजाचे तोंड छापायची दख्खनची रीतच नव्हती. मग हे तोंड आले कुठून, आणि डोंगराखाली गेल्यावर त्याचे पुढे काय झाले?

माग काढायला जुन्नरसारखी जागा नाही. कोकणातून घाट चढून आलेला माल इथे थांबायचा आणि पुढे पैठणला जायचा. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचे लेणे, गावाला लागून मानमोडीच्या डोंगरात नहपानाच्या अमात्याचा लेख, आणि आसपासच्या लेण्यांत स्वतःला यवन म्हणवणाऱ्या तिघांची दाने. या गोष्टीतली बहुतेक पात्रे जुन्नरच्या दिवसभराच्या फेरीत भेटतात.

आधी घाट. नाणेघाटातला राणी नागनिकेचा लेख म्हणजे यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, गावे, आणि रोख रक्कम. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांची दक्षिणा आकड्यात कोरलेली आहे. हे कार्षापण कसे दिसत असतील? त्या काळचे चांदीचे चलन म्हणजे आहत नाणी. चांदीचा पत्रा कापायचा, कोपरे छाटून वजन नेमके करायचे आणि त्यावर छोटे छोटे ठसे ठोकायचे: सूर्य, चक्र, डोंगर, बैल, झाड. नाव नाही, साल नाही, तोंड तर नाहीच. चिन्हे ओळखणाऱ्याला टंकसाळ कळायची, बाकीच्यांना तराजू पुरायचा.

त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी; प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेले. मूर्ती गेल्या, पावले आणि नावे राहिली. म्हणजे माणसाचे रूप घडवायला आणि त्यावर नाव लिहायला सातवाहनांची ना नव्हती. नाण्यांवरही त्यांनी नाव घातले. सातकर्णी आणि नागनिका अशी दोघांची नावे एकत्र असलेले चांदीचे नाणेही माहीत आहे. चेहरा मात्र दगडावर, पैशावर नाही. ही वाटणी मोडली ती समुद्रापलीकडून आलेल्या नाण्यांनी.

त्या नाण्यांतले भारतात सर्वांत जास्त मिळालेल्यांपैकी एक घेऊन वाचू. रोमचा सम्राट टायबेरियस, चांदीचे देनारियस, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारे डोके, केसांवर लॉरेलच्या पानांचा मुकुट. भोवतीची अक्षरे सलग आणि निम्मे शब्द तोडलेले. जागा थोडी आणि बिरुदे फार, म्हणून रोमी टंकसाळीने अशी तोड काढली होती. ‘टि सीझर दिवि ऑग फ ऑगस्टस’. ‘टि’ म्हणजे टायबेरियस. ‘दिवि ऑग’ म्हणजे दिव्य ऑगस्टसचा, सीनेटने इ.स. १४ मध्ये मेलेल्या ऑगस्टसला देव ठरवले होते. आणि ‘फ’ म्हणजे ‘फिलियस’, पुत्र. या एका अक्षरात सगळे राजकारण आहे, कारण टायबेरियस हा ऑगस्टसचा पोटचा मुलगा नव्हता, दत्तक होता. मागच्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. बाजूला ‘पोंतिफ माक्सिम’, म्हणजे सर्वोच्च पुरोहित. ते बिरुद सम्राटाचे. ही स्त्री त्याची आई लिव्हिया असे पुष्कळ अभ्यासक मानतात, पण तिचे नाव नाण्यावर कुठे नाही.

अशा नाण्याची वाचनाची चाल ठरलेली असते: कोण, कुणाचा मुलगा, कुठल्या पदावर. लिहिता-वाचता न येणाऱ्याला तोंड.

हे तोंड इकडच्या लोकांना कसे दिसले, याचा एक किस्सा रोमी लेखक प्लिनी सांगतो. क्लॉडियस सम्राटाच्या काळात एक रोमी माणूस वादळात भरकटून लंकेला पोचला. तिथल्या राजाला त्याच्या देनारियसांत नवल वाटले ते हे, की नाण्यांवरचे चेहरे वेगवेगळ्या राजांचे, तरी वजन सगळ्यांचे एकच. त्यावरून रोमी लोक सचोटीचे, असा त्याने निष्कर्ष काढला. प्लिनी रोमची थोरवी गातो आहे हे उघड आहे, तरी किस्स्यातला राजा मला खरा वाटतो. त्याने चेहरा पाहिला आणि लगेच तराजूकडे वळला. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ साली ५०१ रोमी सोन्याची नाणी मिळाली. बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा घाव घातलेला होता. नाणे म्हणून बाद, सोने म्हणून चालू.

आपल्याकडे, पश्चिम दख्खनेत, रोमी नाणी त्या मानाने फारच थोडी मिळतात. व्यापार नव्हता म्हणून नव्हे. नेवासे आणि तेरच्या उत्खननांत भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांचे तुकडे निघाले, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. तेरला भाजक्या मातीची पदकेही मिळाली आहेत, रोमी नाण्याच्या नकला, गळ्यात ओवता येतील अशी. म्हणजे इथल्या कारागिरापुढे मूळ नाणे होते. मग ती नाणी गेली कुठे? इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात याचा धागा सापडतो. भडोचला कोणता माल खपतो याच्या यादीत, इटलीच्या दारूबरोबर, त्याने सोन्याचे आणि चांदीचे देनारियसही लिहिले आहेत, आणि स्थानिक चलनाशी बदलताना त्यांवर नफा सुटतो असे सांगितले आहे. भडोचवर राज्य करणाऱ्याचे नाव तो ‘मांबानोस’ असे देतो. हा नहपानच, असे बहुतेक अभ्यासक धरतात. कल्याण बंदराची तेव्हा कोंडी झाली होती. तिथे लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही तोच लिहितो. नाणेघाटाखालचे बंदर बंद पाडायचे आणि सगळा पैसा भडोचच्या टंकसाळीकडे वळवायचा, असा तो डाव दिसतो. रोमी चांदी आटवून नहपानाने आपले नाणे पाडले, हा तर्क त्यामुळे मला पटतो.

त्याच पुस्तकात आणखी एक उल्लेख आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची, ग्रीक अक्षरे असलेली जुनी नाणी भडोचमध्ये अजून चालतात, असे लेखक सांगतो. हे राजे त्याच्या आधी दीड-दोनशे वर्षांचे. म्हणजे नहपानाच्या टंकसाळीपुढे दोन नमुने होते. वजन आणि एकूण मांडणी मिनँडरच्या लहान चांदीच्या नाण्याची, आणि मुखवट्याची घडण रोमी देनारियसच्या वळणाची. नहपानाचे तोंड अशा दोन घराण्यांतून आलेले आहे.

आता डोंगर न बसलेले त्याचे नाणे वाचू. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारे डोके, भोवती ग्रीक अक्षरे. ग्रीक शिकलेला माणूस ती अक्षरे लावील आणि अडखळेल, कारण उच्चार निघतो तो ‘रान्नियो... नाहापानास’ असा. अक्षरे ग्रीक, भाषा आपली प्राकृत: राजा क्षहरात नहपान याचे. त्यातही एक मौज आहे. ग्रीकमध्ये ‘ह’ला सुटे अक्षर नाही. ‘नहपान’ लिहायचे तर काय करायचे? टंकसाळीतल्या माणसाने दोन उभ्या दांड्या आणि मध्ये आडवी रेघ असे अक्षर वापरले. ग्रीकमध्ये ते ‘ए’ या दीर्घ स्वराचे चिन्ह. ‘ह’ म्हणून ते चालते रोमी लिपीत. ई. जे. रॅप्सन यांनी १९०८ साली ब्रिटिश म्युझियममधल्या आंध्र आणि क्षत्रप नाण्यांची जी सूची छापली, तीत या लिपीला ग्रीक-रोमी म्हटले आहे ते योग्यच. रोमी नाणी हाताळलेला कुणीतरी त्या ठशावर काम करत होता.

मागच्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर दोन लिपींत: डावीकडून उजवीकडे ब्राह्मी, उजवीकडून डावीकडे खरोष्ठी. बाण-वज्राची जोडी नहपानाच्या आधीच्या भूमकाच्या तांब्याच्या नाण्यांवरही आहे, म्हणजे ती घरचीच. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या चांदीवर तीन लिपी कोणासाठी? खरोष्ठी वायव्येकडून आलेल्या शकांच्या कारभाऱ्यांसाठी असेल, ब्राह्मी इथल्या लोकांसाठी. ग्रीक मात्र वाचण्यासाठी नसावी. चांगल्या नाण्याला कडेने ग्रीक अक्षरे असतात, अशी भडोचच्या सराफाची नजर तयार झाली होती, तिच्यासाठी ती असावी.

हे म्हणायला जुन्नरच्या लेण्यांतला पुरावा जवळचा आहे. इथे तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. इरिलाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी दिली. चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. चंदाने गाभाऱ्याची दर्शनी बाजू करवून घेतली. यवन म्हणजे ग्रीक की रोमी की पश्चिमेचा कुणीही, यावर वाद चालू राहतील. पण या तिघांचे लेख पाहा: लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, शब्दही आपल्या लेण्यांतले नेहमीचे, ‘देयधम’ आणि ‘पोढी’. ग्रीकचे एक अक्षर नाही. खरे यवन जुन्नरला येऊन ब्राह्मीत लिहितात आणि शक राजा आपली प्राकृत ग्रीक अक्षरांत लिहितो! यवनांना भिक्षूंनी वाचायला हवे होते. नहपानाला त्याची गरज नव्हती, त्याला नाणे ओळखीचे दिसायला हवे होते.

मानमोडीतला लेख त्याच्या अमात्याचा, वत्स गोत्राच्या अयमाचा. ‘महाखतप सामि नहपान’ याच्या या अमात्याने पुण्यार्थ एक पोढी आणि मंडप दिला, साल ४६. हे नहपानाचे आपल्याला माहीत असलेले शेवटचे साल. ते शक संवताचे धरले तर इ.स. १२४, पेरिप्लसच्या काळाशी जुळवून काही जण नहपानाला त्याआधी पन्नास-साठ वर्षे नेतात. जुन्नर हीच त्याची राजधानी होती असेही मत मांडले गेले आहे. तेवढे ताणायची मला गरज वाटत नाही. अमात्य इथे बसत होता म्हणजे कारभार आणि खजिना इथे पोचला होता, एवढे बास.

स्कॉट यांना जोगलटेंभीच्या नाण्यांवर एक विचित्र गोष्ट दिसली. नाव सगळीकडे नहपानाचेच, पण तोंड एक नाही. कुठे कोवळा तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा. नाके तर नाना तऱ्हेची. ही घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांची चित्रे असावीत, असा त्यांनी अंदाज केला. लांबलेल्या कारकिर्दीत राजाचे वय वाढत गेले, हेही कारण सुचवता येते. माझ्या मते ठसे कोरणारे हातच अनेक होते, आणि ‘राजाचे तोंड’ म्हणजे हाच माणूस, अशी सक्ती टंकसाळीत कुणी केली नसावी. नाण्यावर तोंड हवे होते. कोणाचे, हे मजकूर सांगतच होता.

या नाण्याची बाजारातली किंमत नाशिकच्या पांडवलेण्यात लिहून ठेवलेली आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला ३,००० कार्षापण ठेव म्हणून दिले आणि ते विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवले: २,००० शेकडा एक दराने, १,००० शेकडा पाऊण दराने, व्याज महिन्याचे. त्याच लेखात देव आणि ब्राह्मण यांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा हिशेब आहे: ३५ला एक सुवर्ण, म्हणजे २,००० सुवर्ण. हा दर घेऊन जरा हिशेब करू. कार्षापण म्हणजे नहपानाचे हेच नाणे धरले तर ३५ नाण्यांची चांदी सुमारे ७७ ग्रॅम. सुवर्ण म्हणजे रोमी सोन्याचे नाणे असो की कुषाणांचे, वजन आठ ग्रॅमच्या आसपास. सोन्याला जवळजवळ दसपट चांदी. रोममध्ये एका सोन्याच्या नाण्याला २५ देनारियस मोडत, म्हणजे ऑगस्टसच्या वजनाने पंच्याण्णव ग्रॅमच्या पुढे चांदी, बारापट. इकडे चांदी महाग, तिकडे स्वस्त. पेरिप्लसवाला देनारियसवर नफा सुटतो म्हणतो तो बहुधा असा. जुन्नरच्या सराफाला हा फरक तोंडपाठ असणार. इथल्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिल्याचा लेख आहे, बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. पैसा कसा फिरवायचा हे या गावाला शिकवायची गरज नव्हती.

आणि मग गौतमीपुत्र आला. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात मुलाला क्षहरात वंश निर्मूल करणारा म्हटले आहे. पण निर्मूल केल्यावरच्या पहिल्या हुकमाचा सूर निराळा आहे. राज्यवर्ष १८, विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा: आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत आता भिक्षूंना दिले आहे. शेत तेच, मालक बदलला. कार्ल्याच्या भिक्षूंच्या गावाचेही त्याने असेच पुन्हा दान केले. नाण्यांचे जे केले ते या हुकमाच्या जोडीला ठेवून पाहावे. चांदी तीच राहू द्यायची, वर आपला शिक्का.

आटवून नवी नाणी का पाडली नाहीत? आटवायचे म्हणजे कोळसा, मुशी, घट, नव्याने चकत्या, प्रत्येकीचे वजन. शिवाय नहपानाच्या नाण्याचे वजन आणि कस बाजाराला पटलेला होता, त्याला हात लावणे म्हणजे व्यापाऱ्यांच्या मनात शंका घालणे. जुने नाणे तापवायचे, ऐरणीतल्या खालच्या ठशावर ठेवायचे, वरचा ठसा धरून हातोडा हाणायचा. घाव सरळ बसला तर जुने तोंड चपटे होते, जरा कलला की नाक राहते. हजारो नाण्यांत घाव सगळे सरळ कसे बसतील? म्हणून तर आज दोन्ही राजे वाचता येतात.

वरचा मजकूर टायबेरियसच्या मजकुराशेजारी ठेवावा. तिकडे ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’, इकडे ‘गौतमीपुत्र’. दोघांनाही आपण कुणाचे हे आधी सांगायचे आहे. तिकडे बाप, तोही दत्तक घेणारा आणि देव झालेला. आई मागच्या बाजूला निनावी बसलेली. इकडे आईचे नाव पुढे, बाप कुठेच नाही. आणि या ठशावर चेहराही नाही. आहत नाण्यांपासून ओळखीचा डोंगर आणि मजकूर.

इथे गोष्ट संपायला हवी होती. परके तोंड पुसले, देशी चिन्ह बसले. पण पुढच्या नाण्यांनी हा सरळ शेवट मानला नाही. गौतमीपुत्राच्याच नावाची मोजकी मुखवट्याची नाणी अभ्यासकांनी दाखवली आहेत, आणि त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या चांदीच्या नाण्यांवर तर राजाचे तोंड ठसठशीत आहे. उजवीकडे पाहणारे, नहपानाच्याच चालीचे. वजनही तेच. मागे डोंगर आणि उज्जयिनी चिन्ह शेजारी-शेजारी. एका बाजूला प्राकृत मजकूर, दुसऱ्या बाजूला तमिळसारख्या द्राविडी भाषेत तोच मजकूर, लिपी दोन्हीकडे ब्राह्मी. ग्रीक गेली, पण नाण्यावर दोन तऱ्हेने लिहायची सवय राहिली. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला तेव्हा आतल्या अवशेषांबरोबर यज्ञश्री सातकर्णी या पुढच्या सातवाहन राजाचे असेच चांदीचे नाणे निघाले, फारसे न झिजलेले. ज्याच्या तोंडावर डोंगर हाणला त्याचीच रीत तिसऱ्या-चौथ्या पिढीत बुद्धाच्या अवशेषांशेजारी ठेवण्याइतकी आपली झाली होती.

माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण राजवाड्यात नाही, बाजारात आहे. तांब्या-शिशाच्या नाण्यांवर सातवाहनांनी हत्ती, जहाज, सिंह, हवे ते छापले. ती गावात चालायची. दूरवर जाणाऱ्या चांदीच्या नाण्याला मात्र भडोच-सोपाऱ्याच्या पेढीवर तोंड लागे. राजाला तोंड आवडो न आवडो, सराफाला ते हवे होते.

उलट बाजूची गंमत याहून मोठी. नहपानानंतर क्षत्रपांचे दुसरे घराणे उभे राहिले, चष्टनाचे. त्याच्या नातवाने, रुद्रदामनाने, दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचे जुनागढच्या शिलालेखात लिहिले आहे. या वैऱ्यांच्या चांदीच्या नाण्यांवर पुढे राजाचे तोंड, आणि मागे? तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ. सातवाहनांचा डोंगर! नहपानाच्या गालावर बसलेला डोंगर क्षत्रपांनी उचलून सरळ नाण्याच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवला आणि चौथ्या शतकाच्या शेवटापर्यंत सांभाळला. सातवाहनांनी क्षत्रपांचे तोंड घेतले, क्षत्रपांनी सातवाहनांचा डोंगर घेतला, आणि दोघे लढत राहिले.

क्षत्रपांच्या मजकुरात बाप परत आला: अमुक महाक्षत्रपाचा पुत्र, राजा महाक्षत्रप अमुक. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून डोक्याच्या मागे शक संवताचे साल आकड्यात येऊ लागले. सालवार राजे लावायला एवढी सोय दुसऱ्या कुठल्याही प्राचीन भारतीय घराण्याने करून ठेवलेली नाही. ग्रीक मजकुराचे मात्र हाल झाले. नहपान-चष्टनाच्या वेळी तो वाचता येतो. पुढे अक्षरे राहतात, अर्थ जातो. त्याहून पुढे गोल, उभी रेघ, पुन्हा गोल अशी किनार उरते. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे, त्यावरचा लॅटिन मजकूर इथल्या सोनाराने जसा उतरवला असेल तसाच हा प्रकार. चौथ्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचा मुलूख घेतला आणि त्याच मापाची चांदीची नाणी पाडली. मागे डोंगराच्या जागी गरुड आला, पण दर्शनी बाजूला तोंड तेच आणि कडेला ग्रीकची ती मोडकी किनारही. तोवर ती अक्षरे होती हे कुणाच्या ध्यानीही नसेल.

इकडे नाशिक-कोकण पट्ट्यात पाचव्या शतकात त्रैकूटकांनी क्षत्रपांचाच कित्ता गिरवला. पुढे मुखवटा, मागे तीन कमानींचा डोंगर आणि भोवती मजकूर: महाराज इंद्रदत्ताचा पुत्र, परमवैष्णव, श्री महाराज दहरसेन. अशी नाणी वाचताना डोळ्यांची परीक्षा होते. चकती ठशापेक्षा लहान, म्हणून अक्षरांची डोकी काठाबाहेर जातात आणि त्यांच्याबरोबर काना-मात्राही. ‘द’ दिसतो, वेलांटी आहे की मात्रा ते वाचणाऱ्याने भरायचे. दहरसेनाचे नावही सुरुवातीच्या अभ्यासकांनी निरनिराळ्या तऱ्हेने वाचले होते.

सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाची नाणी आली. नाशिक, मुंबई, साष्टी इकडे ती सापडतात. वजन दोन ग्रॅमच्या आत उतरलेले. मागे डोंगर गेला, नंदी बसला. भोवती मजकूर: ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’. टायबेरियसने बाप सांगितला, गौतमीपुत्राने आई. कृष्णराज दोघांच्या पायांचे चिंतन करतो आणि नाव दोघांचेही देत नाही. पुढच्या बाजूला उजवीकडे पाहणारे डोके आहेच. ते कृष्णराजासारखे दिसते की नाही हे विचारण्यात अर्थ नाही. पाचशे वर्षे एका ठशावरून दुसरा ठसा कोरत आलेले ते तोंड आहे.

नाशिकजवळच्या अंजनेरीला भोगशक्ती या राजाचे ताम्रपट मिळाले. कलचुरी संवत ४६१, म्हणजे इ.स. ७१०च्या सुमाराचे. त्यांत पैशांचा उल्लेख येतो तो ‘कृष्णराज-रूपक’ असा. कृष्णराज तेव्हा मरून सव्वाशे वर्षे झाली होती आणि कलचुरींचे राज्यही चालुक्यांनी घेतलेले होते. भोगशक्ती स्वतः चालुक्यांचा मांडलिक. तरी व्यवहाराचे नाणे म्हणून त्याच्या प्रजेला कृष्णराजाचाच रुपया ठाऊक होता, आणि तो मोडून त्यावर आपला डोंगर हाणावा असे भोगशक्तीला वाटले नाही.